बंधाऱ्यावरची उडी आणि घरची परवानगी

पोराला पोहायला येतंय म्हटल्यावर कोल्हापुरात नदीवर जायला घरचे सहसा नाही म्हणत नाहीत. पण विहिरीत पोहता येणं वेगळं आणि बंधाऱ्याजवळचं पाणी वेगळं.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवतात. एखादा बरगा निसटलेला असला आणि पलीकडे पाणी नसलं, तर २ मीटर खोलीवरच्या फूटभर लांबी-रुंदीच्या फटीत अडकलेल्या अंगावर सुमारे १८० किलो वजनाएवढा जोर येतो. तिथून पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. पावसाळ्यात बरगे काढलेले असतात, तेव्हा दुसरंच संकट असतं. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली उभं गरगरतं. वरचा थर माणसाला पुन्हा भिंतीकडे ओढतो आणि फेसात हवा मिसळलेली असल्याने अंग तरंगत नाही.

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. ऑलिम्पिकमधले जलतरणपटूही १०० मीटर अंतर सेकंदाला साधारण २ मीटर वेगानेच कापतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, पण हे आकडे काठच्या वस्तीसाठी आहेत. पोहणाऱ्याला धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

पंधरा-सोळाच्या मुलाला हे समजत नाही, असं नाही. मित्र बघत असले की मात्र आवर सुटतो. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात, सोबत मित्र असताना किशोरांनी जास्त जोखीम घेतली. प्रौढांवर तसा परिणाम दिसला नाही. आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे नुसतं ‘जपून जा’ म्हणून भागत नाही. कुठल्या पाण्यात, किती वाजेपर्यंत, सोबत कोण मोठं, हे घरातच ठरवायला हवं. बंधारा आणि पुलावरची उडी तर सरळ बंद. नवशिक्याच्या पाठीला डबा, कमरेला दोर आणि दोराचं टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातात असावं.

कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नये. दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा. बाहेर काढल्यावर पोट दाबू नये, उलटं धरू नये. श्वास बंद असेल तर तोंडाने ५ श्वास द्यावेत, मग छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटीमीटर खोल ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, आणि पुन्हा २ श्वास. दुसऱ्याने तेवढ्यात १०८ ला फोन लावावा. शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यावंच, कारण फुप्फुसातल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.