ब्लॅक बुक आधी कोण लिहायचं?

मार्च उजाडला की ठाणे स्टेशनच्या आसपास बाइंडिंगच्या दुकानांत काळ्या रेक्झिनचे गठ्ठे दिसायला लागतात. वर सोनेरी अक्षरांत कॉलेज, नाव, रोल नंबर. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला 'ब्लॅक बुक' म्हणतात, रिपोर्ट वगैरे कुणी म्हणत नाही. गेली दोन-तीन वर्षं स्टाफरूममध्ये याच गठ्ठ्यांवरून वाद चाललाय: हे पोरांनी लिहिलं की चॅटजीपीटीने? चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. वादाचं मूळ मात्र त्याच्या बरंच मागचं आहे.

खरं सांगायचं तर ब्लॅक बुक आधीही फारसं स्वतःचं नसायचं. सिनिअरचं घ्यायचं, नाव आणि वर्ष बदलायचं, झालं. पुढे टायपिंगवाल्यांच्या कम्प्युटरवरच जुने प्रोजेक्ट साठू लागले. गिऱ्हाइकाला विचारायचे, "मार्केटिंग की फायनान्स?" दहा-बारा वर्षांपूर्वी मी व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक म्हणून बसलो होतो, तर एका मुलाने 'ॲक्नॉलेजमेंट'मध्ये भलत्याच कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार मानलेले. विचारलं तर म्हणाला, "सर, बाइंडिंगवाल्याने चुकून जुनं पान लावलं."

मग इंटरनेट. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने ते सामान्यांना खुलं केलं, २००१ मध्ये विकिपीडिया आलं, आणि सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून कॉपी-पेस्ट सुरू झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटा जवळपास फुकट वाटला, तेव्हा सायबर कॅफेही लागेना.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, वाङ्मयचौर्याचे नियम केले ते २०१८ मध्ये. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ. दहा ते चाळीस असेल तर सुधारून पुन्हा द्या, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर थांबा, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. तेव्हापासून पीएच.डी.वाल्यांच्या तोंडी "किती टक्के आले?" हाच प्रश्न. पण नियमातली व्याख्या नीट वाचा. हे सगळं पदव्युत्तर आणि संशोधनाच्या प्रबंधांना लागू होतं. असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. म्हणजे आमचं ब्लॅक बुक त्या चाळणीत कधी पडलंच नाही.

आणि पडलं असतं तरी फार काळ उपयोग नव्हता. टक्केवारी काढणारं सॉफ्टवेअर जुळणी करतं: हे वाक्य आधी कुठे छापलं गेलंय का? गुगलमधल्या आठ संशोधकांनी २०१७ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडली. त्यांतल्या निकी परमार पुण्याच्या पीआयसीटी या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेल्या. चॅटजीपीटीसारखी आजची बहुतेक सगळी भाषा-मॉडेलं याच रचनेवर उभी आहेत. मॉडेल प्रचंड मजकुरावरून एवढंच शिकतं, की इतक्या शब्दांनंतर पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त. त्यामुळे ते सहसा कुणाचं वाक्य उचलत नाही, दर वेळी नवीन जुळवतं. सिनिअरचं ब्लॅक बुक निदान कपाटात सापडायचं. इथे मूळ प्रतच नाही, तर जुळवणार कशाशी? अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावं संदर्भसूचीत येतात तीही याच पद्धतीमुळे. नाव शोभून दिसलं की झालं, खरं-खोटं तपासणं हे त्याचं कामच नाही.

मग 'यंत्राने लिहिलेलं ओळखणारी' यंत्रं आली. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध अशा सात यंत्रांना दिले. माणसांनी लिहिलेले असूनही सरासरी ६१ टक्के निबंध 'एआय' ठरले. साधे शब्द आणि ठरावीक वाक्यरचना दिसली की यंत्राला संशय येतो. दिवा-कळव्याहून येणारी, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आमची मुलं इंग्रजी कशी लिहितात? अगदी अशीच. म्हणून त्या टक्क्यांवर कुणाचे गुण कापावेत हे मला अजिबात पटत नाही.

मराठीतून विचारणाऱ्यांची आणखी एक अडचण होती. मॉडेल मजकुराचे तुकडे करून वाचतं, आणि देवनागरीचे तुकडे फार पडायचे. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे ओपनएआयचं नवं मॉडेल आलं तेव्हा कंपनीने दिलेल्या नमुन्यात त्याच मराठी मजकुराचे तुकडे ९६ वरून ३३ वर आले. तुकडे कमी म्हणजे खर्च कमी आणि उत्तरही लवकर.

नेमक्या त्याच सुमारास नव्या शैक्षणिक धोरणाने फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण), रिसर्च प्रोजेक्ट यांना क्रेडिट दिले. हेतू चांगलाच, पण प्रत्येकाच्या शेवटी रिपोर्ट आलाच. लिहिणं फुकट झालं आणि लिहून द्यायचं वाढलं, दोन्ही एकदमच. त्यात २०२५ मध्ये गुगलने विद्यार्थ्यांना वर्षभर आपलं एआय जेमिनी मोफत दिलं, जिओने ऑक्टोबरच्या अखेरीस १८ ते २५ वयाच्या ग्राहकांपासून सुरुवात करून दीड वर्षांचं.

यंदाच्या व्हायवाची गोष्ट. ऐरोलीची एक मुलगी, विषय भाजीवाल्यांचे यूपीआय व्यवहार. ब्लॅक बुकातलं इंग्रजी इतकं गुळगुळीत की बोट ठेवायला जागा नाही. विचारलं, "कुणाकुणाशी बोललीस?" तिने मोबाइल काढला. सेक्टरातल्या बाजारातल्या बावीस जणांच्या व्हॉइस नोट्स होत्या. "स्पीकरचा आवाज झाला की मगच भाजी देतो, फोटोवर विश्वास नाही," असं एक मावशी सांगत होत्या. ब्लॅक बुकात याचं झालं होतं, 'विक्रेत्यांमध्ये विश्वासाची कमतरता आढळली.' मी रिपोर्टला बेताचे आणि व्हायवाला भरभरून गुण दिले. बाह्य परीक्षकांनी बरोबर उलटे दिले होते.