‘गादी सरकली’ असं आपण कधीपासून म्हणायला लागलो?

कंबर धरली की पहिल्या दिवशी माणूस म्हणतो, उसण भरली, लचक भरली, चमक निघाली. तपासून घरी आला की भाषा बदललेली असते: मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय, नस दबलीय. पहिले शब्द नुसत्या दुखण्याचे आहेत. काय बिघडलं याबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. दुसऱ्या शब्दांत मात्र यंत्राचा एखादा भाग मोडल्याचा निकालच लागलेला असतो. हे दुसरे शब्द ज्या विचारातून आले तो जेमतेम नव्वद वर्षांचा आहे. फिजिओथेरपिस्टकडे कधी जावं या साध्या प्रश्नाभोवतीचा बराचसा गोंधळ त्यांनीच घातलाय.

दुखणं मात्र फार जुनं. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचा एक इजिप्शियन पपायरस आहे. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने तो १८६२ मध्ये लक्सरला विकत घेतला, म्हणून त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्यात ४८ दुखापतींच्या नोंदी आहेत. त्या डोक्यापासून सुरू होऊन खाली खाली येतात आणि शेवटची, ४८ वी, पाठीच्या मणक्याच्या लचकेची आहे. वैद्याला सांगितलंय की रुग्णाला पाय लांब करायला लाव, मग आखडायला लाव. पाय लांब केला की पाठीतल्या कळेने तो लगेच आखडून घेईल. हे दुखणं उपचार करण्याजोगं आहे, असंही लिहिलंय. मग त्याला उताणं निजवावं आणि त्याच्यासाठी... इथे लेखनिक थांबलाय. वाक्य अर्धंच राहिलंय. पुढची साडेतीन हजार वर्षं ते जो तो आपापल्या परीने पुरं करत आलाय.

पायात उतरणाऱ्या कळेला चरकसंहितेत ‘गृध्रसी’ म्हटलंय. गिधाडासारखी चाल होते म्हणून गृध्रसी, अशी या नावाची फोड नेहमी सांगतात. वर्णन नेमकं आहे: कळ आधी कुल्ल्यात, मग कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशी क्रमाने धरत जाते. सुश्रुत आणखी एक बारीक गोष्ट टिपतो. टाचेपासून बोटांपर्यंतच्या कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) वाताने पीडल्या की पाय उचलणं अडतं, असं तो म्हणतो. कारणाबद्दल आज कुणी तसं म्हणणार नाही, पण पाय उचलताना तो अडतो हे निरीक्षण आजही रोज तपासलं जातं.

ग्रीकांनी मात्र पत्ताच चुकीचा दिला. पायात उतरणाऱ्या याच कळेला आज म्हणतात तो ‘सायटिका’ हा शब्द खुब्याच्या ग्रीक नावावरून आला, कारण दुखणं खुब्याच्या सांध्याचं आहे असं ते धरून चालले. ही समजूत अठराव्या शतकापर्यंत टिकली. १७६४ मध्ये नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो यांनी खुब्याच्या सांध्याचं दुखणं वेगळं आणि नसेचं दुखणं वेगळं, अशी स्वच्छ विभागणी केली. कंबरेच्या खालच्या मणक्यांमधून निघणारी नसांची मुळं एकत्र येऊन शरीरातली सर्वांत जाड नस होते. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरते. म्हणून दुखतं पोटरीत, पण खोड बहुतेक वेळा कंबरेत असते.

नसेची ही खोड पकडण्याची चाचणी फ्रेंच वैद्य शार्ल लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. गंमत अशी की त्यांनी स्वतः ती कुठे लिहून ठेवलेली नाही. त्यांचा विद्यार्थी फॉर्स्ट याने १८८१ च्या प्रबंधात ती मांडली आणि त्याच्या एक वर्ष आधी सर्बियात लाझा लाझारेविच यांनी ती छापली होती. हे लाझारेविच त्यांच्या भाषेतले नावाजलेले कथाकारही होते. चाचणी अगदी साधी आहे. रुग्ण उताणा, गुडघा सरळ, आणि तपासणारा टाच धरून पाय सावकाश वर नेतो. मांडीच्या मागे ताण बसला तर त्याला फार अर्थ नाही; आखडलेल्या स्नायूंमुळे तो कुणालाही बसतो. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याच्या खाली, ओळखीची, करंट मारल्यासारखी कळ गेली तर नसेच्या मुळाचा संशय घ्यायचा.

एकोणिसाव्या शतकात आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते तिचं ओझं आपण अजून वाहतोय. आगगाड्या आल्या, अपघात आले, भरपाईचे खटले आले. १८६६ मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिकसेन यांनी गाडीच्या धक्क्याने मणक्याला न दिसणारी इजा होते, असं मांडलं. त्याला ‘रेल्वेचा कणा’ असं नावच पडलं. पाठ दुखते म्हणजे पाठीला इजा झालीय, हे समीकरण इथून घट्ट होत गेलं. आणि इजेवर उपाय काय, तर विश्रांती. इंग्लंडमध्ये जॉन हिल्टन विश्रांतीवर व्याख्यानं देत होते, ह्यू ओवेन थॉमस तर सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती सांगत होते. मोडलेल्या हाडासाठी ते ठीकच होतं. तोच नियम न मोडलेल्या पाठीला लागला.

मग आलं १९३४. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवून दिलं की मणक्यातून काढलेल्या ज्या गाठी कूर्चेचे ट्यूमर समजल्या जात होत्या, त्यातल्या बऱ्याच मुळात दोन मणक्यांमधल्या चकतीचे, म्हणजे आपल्या ‘गादी’चे, बाहेर आलेले तुकडे होत्या. शोध मोठा होता. गुन्हेगार हाती लागला, तोही कापून काढता येणारा. पुढची काही दशकं पायात कळ गेली की चकती, नुसती कंबर दुखली तरी चकती. आपली ‘सरकलेली गादी’ त्याच काळाची देणगी. खरं तर चकती वरच्या-खालच्या मणक्यांना इतकी घट्ट बांधलेली असते की ती बशीसारखी सरकूच शकत नाही. तिच्या कडेला चीर पडून आतला मऊ भाग फुगतो किंवा बाहेर येतो. आणि ‘गॅप’ची तर तऱ्हाच न्यारी. साध्या एक्स-रेत चकती दिसतच नाही, दिसते ती दोन मणक्यांमधली मोकळी जागा, आणि वयाबरोबर ती कमी होते. गॅप कमी झालेली असते आणि माणूस घरी येऊन सांगतो, गॅप आलीय.

या सगळ्यात फिजिओथेरपिस्ट, किंवा त्यांचे पूर्वज, कुठे होते? १८१३ मध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी स्टॉकहोममध्ये व्यायामाची मध्यवर्ती संस्था काढली, तिच्यात उपचारासाठीची कसरतही शिकवली जाई. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था स्थापली, कारण मसाजच्या नावाखाली भलते धंदे चालल्याचा गवगवा झाला होता. नाव शुद्ध राखण्यासाठी त्यांनी नियम केला की डॉक्टरने सांगितल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही. पुढे हा नियम अनेक देशांत मुरला. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने चिठ्ठीची अट आपल्या नीतिनियमांतून काढली ती १९७६ मध्ये. आजही कुठे चिठ्ठी लागते, कुठे लागत नाही.

खुद्द उपचाराला वळण लावणारा एक प्रसंग १९५६ चा आहे, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचा. रॉबिन मॅकेन्झी यांच्याकडे पायात कळ असलेला एक रुग्ण काही आठवडे येत होता, उतार पडत नव्हता. त्या दिवशी त्याला सांगितलं, आत जा, कपडे काढ आणि पालथा पड. टेबलाचं एक टोक आधीच्या रुग्णासाठी वर उचललेलं राहून गेलं होतं. हा बिचारा सांगितल्याप्रमाणे त्यावरच पालथा पडला, पाठ मागे वाकलेली. त्या काळी असं वाकणं घातक समजत. मॅकेन्झी आत आले, पाहतात तर काय! घाबरून विचारलं, कसं वाटतंय? तो म्हणाला, कितीतरी दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं, पायातली कळ गेलीय. कळ पायातून मागे सरून कंबरेत गोळा होणं हे चांगलं चिन्ह, हे निरीक्षण त्यातून पुढे आलं. एका विसरलेल्या टेबलावर सिद्धांत उभा राहत नाही हे खरं, आणि प्रत्येकाला हाच व्यायाम चालतो असंही नाही. पण कोणत्या हालचालीने कळ खाली उतरते आणि कोणत्या हालचालीने वर सरकते, हे विचारायला तिथून सुरुवात झाली.

विश्रांतीचा किल्ला ढासळायला अजून तीस वर्षं लागली. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस, काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. बरं होण्यात फरक पडला नाही, फक्त दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या रजा कमी झाल्या. १९९५ मध्ये हेलसिंकीत तीन गट करून पाहिले, त्यात झोपून राहणारे मागे पडले आणि झेपेल तशी रोजची कामं करत राहिलेले सर्वांत पुढे होते. सायटिकाचं काय, ही शंका उरली होती. १९९९ च्या डच अभ्यासाने तीही काढली: दोन आठवड्यांनी झोपलेल्यांपैकी ७० टक्के आणि हिंडत राहिलेल्यांपैकी ६५ टक्के लोकांना बरं वाटलं, म्हणजे धरण्यासारखा फरक नाही.

याच सुमारास एमआरआय आला आणि फोटोवरचा विश्वास डळमळला. १९९४ मध्ये पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांची कंबर तपासली तर निम्म्याहून अधिक, ५२ टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली निघाली. यांना कसलाच त्रास नव्हता. त्यामुळे अहवालातलं ‘बल्ज’, म्हणजे फुगवटा, वाचून घाबरण्याआधी ते पिकल्या केसांसारखं, नुसतं वयाचं तर नाही ना, हे तपासणाऱ्याने ठरवावं लागतं. स्कॉटलंडचे गॉर्डन वॅडेल १९८७ पासून हेच सांगत होते की नुसता मणका पाहू नका. भीती, झोप, काम, मन हे सगळं त्या दुखण्यात असतं.

शस्त्रक्रियेला जागा उरली नाही असं नाही. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांचा अभ्यास झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ थांबून वाट पाहिलेल्यांपेक्षा लवकर गेली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली, हेही लक्षात ठेवावं.

मग जायचं कधी? साधी उसण बहुधा काही आठवड्यांत निघते. आठवडा-दोन आठवडे झाले तरी उतार नाही, पुन्हा पुन्हा भरते, कळ पायात उतरते किंवा वाकायचीच भीती बसलीय, अशा वेळी फिजिओथेरपिस्टला दाखवावं. चांगला फिजिओथेरपिस्ट मशीन लावण्याआधी तुम्हाला टाचांवर चालवेल, चवड्यांवर चालवेल, पायाचा अंगठा वर उचलून धरायला सांगेल, गुडघ्यावर हातोडी मारेल. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांचा अभ्यास झाला. त्यात फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने चालणं वाढवलेल्यांचं दुखणं परत यायला मध्यकाने (म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाला) २०८ दिवस लागले, बाकीच्यांचं ११२.

मोठं पडणं-आपटणं झालंय, ताप आहे, वजन विनाकारण उतरतंय किंवा पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, तर आधी डॉक्टर. पाऊल वर उचलता येत नसेल, चालताना चप्पल अडखळायला लागली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही पाय लुळे पडायला लागले, तर मणक्याच्या तळाशी नसांचा सगळा झुबकाच दाबला जात असू शकतो. तेव्हा फिजिओथेरपिस्टची वेळ घेत बसू नये, रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट रुग्णालय गाठावं.