किनाऱ्यावर जुनं नाणं सापडलं तर : ओळख, अर्ज आणि कागदपत्रं

उधाणाच्या भरतीनं वाळू ओढून नेली की रायगड जिल्ह्यातल्या रेवदंडा-चौलच्या पुळणीवर कधीकधी हिरवट, चपटं असं काहीतरी पायाला लागतं. हे जुनं बंदर आहे. रेवदंड्यात १७४०पर्यंत पोर्तुगीज होते, मग मराठे आले, पुढे कंपनी सरकार. त्यामुळे इथल्या वाळूत यांपैकी कुणाचंही नाणं असू शकतं.

सर्वांत आधी, ते घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, काही म्हणजे काही लावू नका. एका ओळखीच्या काकांनी चिंचेनं लख्ख केलेली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, मी हातात घेतली होती. तांबं नव्या पैशासारखं चमकत होतं, पण ‘राजा’मधला ‘जा’ जवळजवळ गेला होता आणि ‘शिव’ बोटानं चाचपडूनच लागत होतं. दोनशेहून अधिक वर्षं खाऱ्या वाळूत टिकलेलं अक्षर दहा मिनिटांत गेलं. नाणं कागदाच्या पाकिटात कोरडं ठेवा. पीव्हीसीच्या अल्बममध्ये नको, त्यानं धातू खराब होतो. त्याच दिवशी जागा लिहून ठेवा : गाव, जवळची खूण, भरतीच्या रेषेपासूनचं अंतर, मोबाईलमधलं लोकेशन. नाण्याचं वजन उद्याही करता येतं. जागा एकदा विसरली की विसरली, आणि अभ्यासकाला नाण्याइतकीच तीही हवी असते.

आता ओळख. सोनाराकडच्या काट्यावर ग्रॅमच्या दोन दशांशांपर्यंत वजन करून घ्या, व्यास मोजा, आणि बाजूनं तिरका उजेड पाडून दोन्ही बाजूंचे व कडेचे फोटो काढा. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ दोन ओळींत असतं. तराजू आणि त्याखाली फारसी लिपीत ‘अदल’ (न्याय) दिसलं, मागे कंपनीचा शिक्का असला, तर तो मुंबई इलाख्याचा तांब्याचा पैसा. १७९१ सालचे असे पैसे बर्मिंगहॅममध्ये पाडून इकडे आणले होते. कडेला साच्याची शिवण किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसले तर ओतीव नकलेची शंका घ्या. मात्र खाऱ्या पाण्यानंही खड्डे पडतात, म्हणून निकाल घरी लावू नका. चुंबकाला चिकटलं तर ते तांबं, चांदी किंवा सोनं नाही. आणि राम दरबार, हनुमान कोरलेलं ‘१८१८, वन आना, ईस्ट इंडिया कंपनी’ असं नाणं कुणी लाखात सांगत असेल, तर कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. ताडून पाहायला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन चांगलं.

कळवायचं कुणाला? १८७८चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये ही मर्यादा आज हास्यास्पद वाटेल, पण तीच आहे. त्यामुळे ‘एकच तर नाणं’ म्हणून सूट मिळेल असं धरू नका. अर्ज कुणीही सापडणारा करू शकतो, जमीन त्याची असावी लागत नाही. भरतीरेषेखालची जागा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार शासनाची असते, हे ध्यानात ठेवा.

कायदा अर्जात तीनच गोष्टी मागतो : वस्तू काय व अंदाजे किती किमतीची, कुठे सापडली, कोणत्या तारखेला सापडली. सोबत फोटो, वजनाची नोंद, जागेचा साधा नकाशा आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. रेवदंड्यासाठी अर्ज अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा. तलाठ्याला तोंडी सांगून थांबू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्याच. एक प्रत मुंबईत सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या राज्य पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयालाही पाठवा. नाणं कोषागारात जमा करावं लागतं, किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यावी लागते.

पुढे जाहीर सूचना निघते आणि हक्क सांगणाऱ्यांसाठी चार ते सहा महिन्यांदरम्यानची तारीख मिळते. मग चौकशी. वस्तू बेवारस ठरली आणि जागामालकाचा दावा नसला तर ती सापडणाऱ्याची. मालकानं दावा केला व त्यावर वाद नसला तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, उरलेलं मालकाला. शासन ती स्वतःकडे घेऊ शकतं, धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन. तांब्याच्या नाण्याला हा मोबदला अगदीच तुटपुंजा आहे, आणि लोक नाणी दडवतात याचं हे मोठं कारण आहे असं मला वाटतं. पण दडवलं तर वाटा शासनजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

रिझर्व्ह बँकेच्या नावानं फोन करून ‘जुनं नाणं विकून देतो, आधी शुल्क भरा’ म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका. बँकेनं २०२१मध्येच असा कोणताही व्यवहार आपण करत नसल्याचं जाहीर केलं आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्यानं पुरावशेष ठरतं, आणि पुरावशेष खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून परदेशातल्या भावाला दाखवायलाही ते सामानात घालून नेऊ नका. फोटो पाठवा.