पीसीचं झाकण उघडं कसं राहिलं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि धडधाकट चालणारी कितीतरी मशीन एका दिवसात जुनी ठरली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१५-१६ साली घेतलेला, आजही टॅली नि एक्सेल मुकाट्याने चालवणारा डेस्कटॉप त्यात बसत नाही. मग दुरुस्तीच्या दुकानात तोच प्रश्न येतो: "नवीनच घेऊ, की यातच काही टाकून भागेल?"

टीव्हीबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही. पीसीबद्दल तो विचारता येतो, आणि त्याचं उत्तर पुष्कळदा "भागेल" असं येतं. त्यामागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराचसा भाग कुणी ठरवून घडवलेला नाही. घाई, भांडणं आणि कस्टम ड्युटी यांतून तो घडत गेला.

पीसीच्या आधीचा संगणक उघडायचा नसे. यंत्र कंपनीचं, ग्राहक फक्त भाडं भरणार, हात लावणार तो कंपनीचाच इंजिनिअर. भारतात आयबीएमचा धंदा याच पद्धतीने चाले. अमेरिकेत वापरून परत आलेली १४०१ यंत्रं इथे ठाकठीक करून भाड्याने दिली जात. परकीय चलन नियमन कायद्याखाली भारतातल्या धंद्यातला आपला भागभांडवलाचा वाटा कमी करायला नकार देऊन १९७८ मध्ये आयबीएम देश सोडून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल १९७५ मध्ये सरकारने काढलेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे पुढच्या सीएमसीकडे आली. मूळ कंपनी गेल्यावरही यंत्रं चालवून दाखवायची सवय इथल्या इंजिनिअरांना अशी लागली.

त्याच आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ ला मॉडेल ५१५० बाजारात आणलं. फ्लोरिडातल्या बोका रेटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या गटाला वर्षभरात मशीन उभं करायचं होतं. सगळं घरात बनवायला वेळ नव्हता. म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८ घेतला, डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टकडून घेतली, बाकी सुटे भाग बाजारातून उचलले. बोर्डावर जादा कार्डं खोचायला पाच एक्स्पान्शन स्लॉट ठेवले आणि सर्किटच्या आकृत्या, बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या, चिपमध्ये कायम भरलेल्या प्रोग्रामचा) पूर्ण कोड तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकला, जेणेकरून इतरांनी या मशीनसाठी कार्डं बनवावीत. त्या पहिल्या बोर्डावर १६ केबी मेमरी सोल्डर केलेली होती. उरलेल्या जागी सॉकेट होती. त्यांत नऊ-नऊ चिपांच्या ओळी दाबून बसवायच्या, छोटे स्विच हलवून मशीनला नवा आकडा कळवायचा, की ६४ केबीपर्यंत मजल. पीसीची रॅम वाढवणं म्हणतात ते हेच, फक्त तेव्हा चिपचे पाय वाकडे होऊ न देणं ही कला होती.

पुस्तिका छापली म्हणजे नक्कल आलीच. कोड जसाच्या तसा उचलला तर कॉपीराइटचा खटला, म्हणून कॉम्पॅकने मूळ कोड न पाहिलेल्या लोकांकडून तसंच वागणारा बायोस लिहून घेतला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये आपलं मशीन जाहीर केलं. १९८४ पासून फिनिक्स कंपनी असा बायोस कुणालाही विकू लागली. मग तैवानमध्ये बोर्ड निघू लागले, आणि स्लॉट तेच असल्याने एकाचं कार्ड दुसऱ्याच्या बोर्डात बसू लागलं.

आयबीएमला हे उशिरा झोंबलं. एप्रिल १९८७ मध्ये तिने पीएस/२ ही मालिका आणली, त्यात मायक्रो चॅनल नावाचा नवा स्लॉट होता आणि तो वापरायचा तर परवाना घ्या, पैसे मोजा. कॉम्पॅक, एचपी, एप्सन वगैरे नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन १९८८ मध्ये आपला वेगळा स्लॉट जाहीर केला, ज्यात जुनी कार्डंही चालत. झाकण पुन्हा लावायचा हा पहिला मोठा प्रयत्न, आणि तो फसला. मायक्रो चॅनल आज कुणाला आठवत नाही. पीएस/२ ची आठवण उरली ती कीबोर्ड-माऊसच्या गोल पिनांपुरती.

भारतात या मशीनला वाट मिळाली ती नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने. आयातीचे नियम सैल झाले, सुटे भाग येऊ लागले. तरी पीसी ही ऑफिसची वस्तू होती: एसी खोली, चपला बाहेर, वर्षाचा देखभाल करार. घरात तो शिरला १९९१ नंतर आणि त्यातही १९९७ नंतर. त्या वर्षी भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणकाच्या भागांवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर आणायचं ठरलं. तोवर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला धंदा जमला होताच. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव टॅक्सीवाल्याला सांगून उपयोग नसे. ग्रँट रोड स्टेशनच्या पुढचा हा एकेकाळी सिनेमा थिएटरांचा रस्ता. रेडिओ, अँप्लिफायर, ट्रान्झिस्टरचे पार्ट विकणारी तिथली दुकानं हळूहळू मदरबोर्ड नि हार्ड डिस्कवर आली. पुण्यात तेच काम तापकीर गल्लीने केलं.

"ब्रँडेड घ्यायचा की असेंबल्ड?" हा नव्वदच्या दशकातल्या मध्यमवर्गीय घरातला मोठा वाद. ब्रँडेड म्हणजे बिल, वॉरंटी, आणि सीलबंद डबा. असेंबल्ड म्हणजे कोटेशनच्या चिठ्ठीवर एकाखाली एक लिहिलेले भाग: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एचडीडी (हार्ड डिस्क), एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट. कुठे पाचशे वाचवायचे, कुठे नाही, हे त्या चिठ्ठीवर बसून ठरे. बिल नको म्हटलं की आकडा आणखी खाली येई. त्यात करबुडवेगिरी होती, पायरेटेड विंडोज होती, आणि ते नाकारायचं कारण नाही. पण माझ्या मते घरोघरी पीसीचं शरीरशास्त्र शिकवलं ते त्या चिठ्ठीने. ज्याचे भाग वेगवेगळे विकत घेतले, त्याचा एकच भाग बिघडू शकतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुरुस्ती तेव्हा काय होती, याची दोन उदाहरणं पुरेत. एटी या जुन्या मांडणीच्या बोर्डाला वीज देणाऱ्या दोन पट्ट्या असत, पी-८ आणि पी-९, प्रत्येकी सहा तारांची. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या आणि अदलाबदल करूनही बसत. काळ्या तारा मधोमध एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. उलट लावलं तर बटण दाबताच बोर्ड जाणार. शिकाऊ पोराला दुकानात पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट तीच: काळ्याला काळी. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी मांडणी आणली, त्यात एकच पट्टी आणि तीही उलटी न बसणारी. विंडोज शट डाऊन केल्यावर मशीन आपणहून बंद होऊ लागलं तेही एटीएक्समुळेच; त्याआधी "आता बंद करायला हरकत नाही" अशी नारिंगी अक्षरं येत आणि मग हाताने बटण दाबावं लागे.

दुसरं उदाहरण खोडरबराचं. मशीन चालू केलं की पडदा काळा आणि आतून थांबून थांबून लांब बीप: रॅम लागत नाही. पॉवर काढायची, रॅमची पट्टी उपसायची, सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासायची, कण झटकून पुन्हा 'टक्' आवाज येईपर्यंत दाबायची. कोकणपट्टीच्या दमट हवेत पावसाळा संपता संपता हा उपाय फार चाले, अजूनही चालतो. खरं सांगायचं तर निम्मं काम पट्टी काढून परत बसवण्यानेच होतं. घासण्याचा अतिरेक केला तर त्या कडांवरचा मुलामा जातो. पण व्हिजिट चार्ज घ्यायचा तर ग्राहकाला काहीतरी केलेलं दिसावं लागतं.

कार्डांच्या कटकटी मात्र खोडरबराने सुटत नसत. साउंड कार्ड आणि मोडेम एकाच आयआरक्यूवर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या एकाच क्रमांकावर, आले की दोघांपैकी एक मुका. एकाच केबलवर दोन हार्ड डिस्क लावायच्या तर जंपर, म्हणजे पिनांवरची इवलीशी टोपी, बदलून एकीला मास्टर, दुसरीला स्लेव्ह करायचं. यूएसबी जानेवारी १९९६ मध्ये आलं, ते घडवणाऱ्या इंटेलच्या गटात बडोद्यात शिकलेले अजय भट्ट आघाडीवर होते. ते रुजायला काही वर्षं गेली, पण त्याने प्रिंटर, माऊस, स्कॅनर यांची वेगवेगळी भोकं संपवली. २००३ पासून हार्ड डिस्कसाठी साटा ही एका डिस्कला एक अशी केबल आली आणि जंपरही गेले. म्हणजे मशीन उघडणं सोपं होत गेलं तसं ते उघडायला माणूस बोलावण्याची गरज कमी झाली.

ती कसर व्हायरसने भरून काढली. फ्लॉपीतून पसरणाऱ्या व्हायरसांच्या काळात पुण्यात कैलास काटकर यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. मूळ सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचं कुटुंब. दहावीनंतर शिक्षण सोडून त्यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली होती. दुकानात येणारी मशीन बिघडलेली नसून व्हायरसने ग्रासलेली आहेत, हे लक्षात आल्यावर धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करायची साधनं लिहिली. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर क्विक हील उभं राहिलं, आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच या व्हायरसने जगभर डिस्कवरचा डेटा पुसला आणि अनेक बोर्डांचा बायोसही खराब केला. अशा वेळी फॉरमॅट मारून भागत नसे. बायोसची चिप काढून नव्याने प्रोग्राम करावी लागे.

२००० च्या आसपास आणखी एक साथ आली, फुगलेल्या कपॅसिटरांची, म्हणजे बोर्डावर वीज साठवून स्थिर ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची. आतल्या द्रावाचं मिश्रण सदोष असलेले कपॅसिटर नामवंत कंपन्यांच्याही बोर्डांवर बसले होते. दोन-तीन वर्षांत त्यांची डोकी फुगत, वरून तपकिरी चिकटा येई, मशीन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होई. कंपनीचं सेंटर पूर्ण बोर्ड बदलायला सांगे. रेडिओ-टीव्हीच्या कामावर हात बसलेल्या माणसाला मात्र काही रुपयांचा कपॅसिटर आणि सोल्डरिंग आयर्न पुरे. 'चिप लेव्हल रिपेअर' अशा पाट्या सर्रास दिसू लागल्या त्यामागे ही साथ बऱ्यापैकी होती.

महाराष्ट्रात त्यात लोडशेडिंगची भर पडली. वीज दिवसाचे कित्येक तास जायची तेव्हा यूपीएसशिवाय पीसी घेणं हा मूर्खपणा होता, आणि यूपीएस म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यात पोचले. प्रत्येक वर्गात मशीनची रांग. ती चालती ठेवणारा, रॅम एकातून काढून दुसऱ्यात घालणारा एखादा मुलगा प्रत्येक गावात तयार झाला. पुढे अनेकांनी एसटी स्टँडजवळ गाळा घेतला आणि कार्ट्रिज रिफिलपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं सुरू केलं.

जुन्या मशीनला शेवटचा मोठा हात दिला तो एसएसडीने, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपांवर साठवणाऱ्या डिस्कने. हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी बसवली की पाच मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात सुरू होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी माळ्यावरचे कितीतरी डबे असेच खाली उतरले.

लॅपटॉपमध्ये मात्र उलटा प्रवास चालू होता. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली होती. २०११ नंतर इंटेलच्या पुढाकाराने पातळ अल्ट्राबुकची लाट आली आणि इतरांनीही तोच मार्ग धरला. यामागे सगळी लबाडीच आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. कमी वीज खाणारी एलपीडीडीआर मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते, मधल्या सॉकेटमुळे वेग आणि जाडी दोन्हींत तडजोड करावी लागते. पण ८ जीबीचा लॅपटॉप कायमचा ८ जीबीचाच राहणार, आणि १६ चा हवा तर आजच कंपनी मागेल ती किंमत द्या, हा व्यवहार कंपन्यांना अडचणीचा वाटलेला नाही, हेही तितकंच खरं.

याला उत्तर शोधणारेही आहेत. २०२१ मध्ये फ्रेमवर्क या अमेरिकन कंपनीने पेचकसाने पूर्ण सुटणारा लॅपटॉप आणला. मेमरीचे निकष ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये सीएएमएम-२ हे स्क्रूने बसणाऱ्या, बदलता येणाऱ्या सपाट मेमरीचं मानक जाहीर केलं; कमी विजेच्या मेमरीलाही ते चालतं. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू केलं. कुठली वस्तू किती दुरुस्त होऊ शकते याचे गुण वेष्टनावर छापायची चर्चा त्यानंतर सुरू झाली, तीही मोबाइल-टॅबलेटपासून. लॅपटॉपची पाळी अजून यायची आहे. तोवर माहितीपत्रकात मेमरीपुढे 'ऑनबोर्ड' लिहिलंय की 'सो-डिम' एवढं वाचून घ्यावं. ऑनबोर्ड म्हणजे सोल्डर केलेली, सो-डिम म्हणजे बदलता येणारी. काही मॉडेलांत ८ जीबी ऑनबोर्ड आणि शेजारी एक स्लॉट रिकामा असतो. काउंटरवरचा माणूस हे बहुधा आपणहून सांगत नाही.