तेलाचा डाग पडलाय? आधी इस्त्री बाजूला ठेवा

तेलाचा डाग पडलेला कपडा आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर आला की आम्ही दोन गोष्टी विचारतो: तेल कसलं होतं, आणि डागावरून इस्त्री फिरली आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याला बहुतेक जण जरा थांबून म्हणतात, "हो, धुतल्यावर गेल्यासारखा वाटला, म्हणून केली."

हे पत्रक त्या "गेल्यासारखा वाटला"साठी आहे. तेलाचे निम्मे डाग घरच्या घरी निघतात, त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही. पण इस्त्रीखाली भाजलेला डाग आमच्याकडे आणला तरी पूर्ण जाईल याची खात्री आम्ही देत नाही.

ओल्या कपड्यावर डाग का दिसत नाही

कोरडं सुती कापड उजळ दिसतं, कारण धाग्यांच्या मधे हवा असते आणि तिच्यामुळे प्रकाश विखुरतो. तेल सांडलं की ते हवेची जागा घेतं. तेलातून आणि धाग्यातून प्रकाश जवळजवळ सारखाच वळतो, त्यामुळे तो विखुरत नाही, आत शिरतो. म्हणून तेवढा भाग गडद आणि थोडा पारदर्शक दिसतो. पाण्यानेही हेच होतं, फक्त पाणी उडून जातं आणि तेल तिथेच बसतं.

म्हणजे कपडा ओला असताना सगळाच गडद असतो आणि डाग त्यात लपतो. दोरीवरून काढलेला किंचित दमट शर्ट इस्त्रीखाली घेतला, की राहिलेलं तेल तिथेच पक्कं होतं. धुतल्यावर कपडा सावलीत पूर्ण वाळू द्या, खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात बघा. शंका असेल तर त्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. आसपासच्या कापडात थेंब लगेच मुरत असेल आणि डागावर मात्र मोत्यासारखा उभा राहत असेल, तर तेल अजून आहे. (पाणी न शोषणाऱ्या कापडावर आणि रेशमावर ही परीक्षा करू नका.)

उष्णतेने नेमकं काय होतं

स्वयंपाकाचं ताजं तेल धाग्यांच्या मधे नुसतं अडकलेलं असतं. पण वनस्पती तेलं हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू जोडली जातात. त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात, तेल आधी चिकट होतं, मग पिवळं, मग कडक. जवसाच्या तेलात हे इतकं झटपट होतं की चित्रकार त्यात रंग कालवतात आणि ते कॅनव्हासवर पापुद्र्यासारखं वाळतं. इतर तेलं इतकी घाई करत नाहीत, पण वाट तीच. उष्णता मिळाली की वेग वाढतो. एकदा रेणू असे विणले गेले की साबणाला धरायला तेल उरत नाही, उरतो तो एक प्रकारचा वार्निश.

याच कारणाने कपाटात वर्षभर ठेवलेल्या स्वच्छ कपड्यावर अचानक पिवळट ठिपके उगवतात. ते नवे नसतात. कधीतरी उडालेलं, तेव्हा न दिसलेलं तेल इतके दिवस तिथेच पिकत होतं. अशा डागांवरून आमच्याशी वाद घालणारे ग्राहक असतात आणि त्यांचा राग आम्हाला समजतो. आमच्या हातूनही एकदा एका फिक्या शर्टावरचा न दिसलेला डाग इस्त्रीखाली गेला होता. तेव्हापासून उजेडात कपडा पाहिल्याशिवाय इस्त्रीच्या टेबलावर घ्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

एक इशारा इथेच देऊन टाकतो. प्राणवायूशी होणाऱ्या या जोडणीतून ऊब निघते. तेलाने माखलेली फडकी किंवा मालिशचे टॉवेल ड्रायरमधून काढून गरम गरम ढीग करून ठेवले, तर ती ऊब आतच कोंडते आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. अशी फडकी पसरून गार करा.

पहिली काही मिनिटं

तेल थिजलेलं किंवा जाड असेल तर चमच्याच्या कडेने किंवा सुरीच्या बोथट बाजूने कापडाला न दाबता खरवडून काढा. मग पांढऱ्या कापडाने किंवा टिश्यूने टिपून घ्या. वर्तमानपत्राने टिपू नका, छपाईची शाई कपड्याला लागते. आणि घासू नका. घासल्याने तेल आत ढकललं जातं, डाग रुंदावतो आणि सुती धाग्यांचे तंतू उसवून तिथे पांढुरका धुरकट पट्टा दिसू लागतो. रेशमावर तर एवढ्याने कायमची खूण राहते. तेल निघतं, पण खरचटलेली जागा तशीच फिकी दिसते.

टिपून झालं की कोरडी पावडर. टाल्कम, कुटलेला पांढरा खडू, मक्याचं पीठ, यांतलं हाताशी असेल ते चालेल. यात जादू काही नाही. बारीक कणांमधल्या फटी धाग्यांमधलं तेल ओढून घेतात, वातीत तेल चढतं तसंच. जाड थर द्या, अर्धा तास थांबा, झटकून टाका. पावडर ओलसर गोळ्यांसारखी झाली असेल तर पुन्हा नवी घाला. मोठ्या डागाला रात्रभर ठेवायलाही हरकत नाही. गडद कपड्यावर खडूचे कण अडकतात, तिथे टाल्कम बरी.

पाणी मात्र लगेच मारू नका. नुसत्या पाण्याचा तेलावर काहीच परिणाम होत नाही.

सुती कपडे: भांड्यांचं लिक्विड, कोरड्या कापडावर

कपडे धुण्याची पावडर नंतर. आधी भांडी घासायचं लिक्विड घ्या, शक्यतो रंगहीन. त्याचे थेंब कोरड्याच डागावर टाका आणि बोटाच्या टोकाने हलके पसरवा. आधी कपडा भिजवला तर धाग्यांमधे पाणी भरून बसतं आणि लिक्विड पातळ होतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याचं सोबती असतं, दुसरं तेलाचं. तेलाकडची टोकं डागात रुततात, पाण्याकडची बाहेर राहतात आणि तेलाचे सूक्ष्म थेंब असे वेढले जाऊन पाण्याबरोबर निघून जातात.

दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. मग शिवणीजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असेल तितक्या जास्तीत जास्त गरम पाण्यात धुवा. इथे उष्णता आपल्या बाजूने काम करते: गरम साबणाच्या पाण्यात तेलाचा पापुद्रा आक्रसून थेंब होतो आणि धाग्यावरून सुटतो. इस्त्रीची कोरडी उष्णता वेगळी आणि साबणासकट गरम पाणी वेगळं. लोक या दोन्हींची गल्लत करतात.

पट्टीवरच्या टबाच्या खुणेत आकडा किंवा ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे ३० अंश, दोन म्हणजे ४०, तीन ५०, चार ६०. टबात हात काढलेला असेल तर हाताने धुवा, टबावर फुली असेल तर पाण्यात घालूच नका. इस्त्रीच्या खुणेतले ठिपके निराळे: एकाला साधारण ११० अंश, दोनाला १५०, तीनाला २००.

धुऊन वाळवल्यावर डाग थोडा उरला तर तोच क्रम पुन्हा. जोर लावून एकदा करण्यापेक्षा हलक्या हाताने तीनदा केलेलं बरं.

एन्झाइम (मळाचे रेणू तोडणारी प्रथिनं) असलेल्या डिटर्जंटमधे लायपेज नावाचं एन्झाइम असेल तर ते स्वयंपाकाच्या तेलाचे, लोण्याचे रेणू तोडतं. त्याला वेळ लागतो, म्हणून कोमट पाण्यात भिजत घाला. उकळत्या पाण्यात एन्झाइम निकामी होतात. आणि यंत्राच्या तेलावर लायपेज काही करू शकत नाही, कारण ते तेल खनिज, त्याची घडणच वेगळी.

पॉलिस्टर फसवतं

पॉलिस्टर धुवायला सोपं म्हणून तेलही सहज निघेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. सुती धागा पाण्याशी जवळीक ठेवतो, त्यामुळे ओला झाल्यावर तेलाला बाजूला सारतो. पॉलिस्टरची जवळीक तेलाशी असते. व्यायामाच्या टी-शर्टातून धुतल्यावरही वास येतो, त्यातही अंगाच्या तेलाचा वाटा असतो. इथे उशीर परवडत नाही: त्याच दिवशी लिक्विड लावा, साधारण ४० अंशांच्या पाण्यात धुवा, कडक पिळू नका. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. तो स्वतःच धाग्यावर स्निग्ध थर देतो आणि बाटलीतून थेट कपड्यावर ओतला तर त्याचेच तेलकट डाग पडतात.

वंगण आणि ग्रीस

सायकलची चेन, बिजागरी, गाडीचं दार. ग्रीस म्हणजे खनिज तेलात साबणासारखा दाट करणारा पदार्थ घोटलेला असतो आणि वापरात त्यात धातूची पूड, धूळ, काजळी मिसळते. म्हणून इथे दोन डाग एकावर एक असतात, तेलाचा आणि काळ्या कणांचा.

आधी खरवडा. वाळून घट्ट झालं असेल तर पेट्रोलियम जेली किंवा थोडं स्वच्छ तेल लावून मऊ करा. तेलाला तेल लावायला मन धजत नाही, पण तेल तेलातच विरघळतं. डागाखाली जुनं पांढरं फडकं ठेवा आणि कापडाच्या उलट्या बाजूने टिपा, म्हणजे मळ आला त्याच बाजूने परत जाईल. फडकं काळं झालं की बदला. मग लिक्विड, मग धुणं. तेल निघाल्यावरही काळी सावली राहिली तर ते कण धाग्याच्या आत शिरलेले असतात. ते काढायला आम्हालाही जमतंच असं नाही.

कॉलर आणि कफाच्या आतल्या पिवळ्या पट्ट्या हेही तेलच, अंगाचं. धुण्याआधी लिक्विड लावायची सवय ठेवली की साचत नाही.

जे करू नये असं वाटतं

लिंबू आणि व्हिनेगर तेलाला धक्का लावत नाहीत. मिठाचाही फारसा उपयोग नाही. ब्लीच रंग घालवतं, तेल नाही. लोकर, रेशीम आणि ताणाच्या कापडाचं तर ते नुकसान करतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवात अॅसिटोन असेल तर अॅसिटेट या कृत्रिम धाग्याचं अस्तर त्यात अक्षरशः विरघळतं. पेट्रोल, रॉकेल यांचा आग्रह धरणारे अजून भेटतात. वास जात नाही, कडेला कडं उमटतं, आणि घरात पेट्रोलची वाफ पसरणं हे कोणत्याही कपड्याच्या मोलाचं नाही.

रेशीम, लोकर, अस्तर असलेले कपडे

रेशीम आणि लोकर ही दोन्ही प्रथिनं. प्रथिनं तोडणारे एन्झाइम आणि तीव्र अल्कलीचे डिटर्जंट डागाबरोबर धागाही खातात. पावडर टाकून तेल शोषून घ्या, तिथेच थांबा, कपडा आमच्याकडे आणा.

ड्रायक्लीनिंगमधे कपडा कोरडा राहत नाही, फक्त पाण्याऐवजी सॉल्व्हंटमधे भिजतो. तेल पाण्यात विरघळत नाही, या द्रवात विरघळतं. परक्लोरोएथिलीन हा त्यातला सर्वांत परिचित. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी तो १८२१ मधे तयार केला होता. तो १२१ अंशांवर उकळतो, त्यामुळे वाफ करून, गार करून पुन्हा शुद्ध करता येतो. पट्टीवरच्या वर्तुळात रोमन 'पी' असेल तर तो चालतो. 'एफ' असेल तर फक्त सौम्य हायड्रोकार्बन सॉल्व्हंट. वर्तुळावर फुली असेल तर कपडा ड्रायक्लीनला देऊ नका, आम्ही घेतला तरी.

आमच्याकडे आणताना

डागाभोवती शिवणाच्या दोऱ्याचा एक सैल टाका घाला. टाचणी लावू नका, गंजाचा दुसरा डाग पडेल. तेल कसलं, किती दिवसांचं, घरी काय लावलं, इस्त्री झाली का, हे सगळं सांगा. लिंबू लावलं असेल तर तेही. आम्ही हसणार नाही. पण न सांगितलेल्या गोष्टीवर आमचं रसायन पडलं तर रंग उडू शकतो. खात्री नसेल तिथे आम्ही आधी आतल्या शिवणीवर तपासून पाहतो, मग तुम्हाला विचारतो, मगच हात लावतो.

कपड्याची घडी घालायची असेल तर डागाच्या दोन्ही बाजूंना कोरा पांढरा कागद ठेवा, नाहीतर रस्त्यातच तेल घडीच्या पलीकडच्या थरात उतरतं आणि एकाचे दोन डाग होऊन येतात.