जुने संगणक आणि संगणक-मासिके, सोलापूर

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंतचे वैयक्तिक संगणक आणि त्याच काळातली संगणकविषयक मासिके शोधण्याचा, चालवून पाहण्याचा, वाचण्याचा व जपण्याचा छंद आणि अभ्यास. आठ-बिटी घरगुती संगणक, आयबीएमच्या घडणीचे पीसी-एक्सटी, आणि आतल्या मुख्य चिपेच्या नावाने ओळखले जाणारे २८६, ३८६, ४८६ व सुरुवातीचे पेंटियम ही यंत्रे त्यात साधारणपणे धरतात. सोलापूरसारख्या शहरात पुष्कळांच्या हाती मासिक आधी आले आणि स्वतःचा संगणक बऱ्याच वर्षांनी. म्हणून इथे या विषयाला अंकांपासून हात घालणेच सोयीचे ठरते.

मासिके आणि यंत्रे यांचे नाते पहिल्यापासूनच घट्ट आहे. जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा संगणक झळकला. ३९७ डॉलरला सुटे भाग मिळत, जोडणी गिऱ्हाइकाने घरी करायची आणि स्मृती अवघी २५६ बाइट. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘बाइट’ हे मासिक सुरू झाले आणि जुलै १९९८ पर्यंत छापले गेले. १९८३ च्या सुमाराचे त्याचे काही अंक पाचशे पानांच्या वर आहेत. त्या काळच्या मासिकांत बेसिक भाषेतले आख्खे प्रोग्रॅम छापून येत. वाचकाने ते ओळीओळीने टंकायचे, एखादा स्वल्पविराम चुकला की प्रोग्रॅम अडायचा, आणि कधी कधी चूक छापखान्याचीच असल्याचे पुढच्या अंकातल्या शुद्धिपत्रातून कळायचे. तेवढ्यासाठी महिनाभर थांबण्याची तयारी असे.

भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात आणि उत्पादनावरची बंधने सैल झाली. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक पोहोचले. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लस या ब्रिटिश घरगुती संगणकाची परवाना घेतलेली आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने आणली. घरचा टीव्ही हाच तिचा पडदा आणि टेपरेकॉर्डर ही तिची साठवण. ४८ किलोबाइटचा प्रोग्रॅम कॅसेटवरून चढायला पाचेक मिनिटे लागत. पुढे आयबीएम-सुसंगत पीसींनी हे सगळे मागे टाकले.

सोलापूर आणि संगणक म्हटले की जकार्डचा उल्लेख हमखास होतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर उतरते. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोके पाडून त्या एकमेकींना ओवायच्या. जिथे भोक तिथे हूक उचलला जातो आणि ताण्याचा तो धागा वर येतो. १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जकार्ड याने रूढ केलेल्या या युक्तीवरूनच चार्ल्स बॅबेजने आपल्या विश्लेषक यंत्रासाठी, म्हणजे आखलेल्या यांत्रिक संगणकासाठी, छिद्रपत्रांची कल्पना उचलली, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथनेही छिद्रपत्रेच वापरली. संबंध खरा आहे, पण समारंभांतल्या भाषणांत तो जरा जास्तच ताणला जातो. मागावरचा पुठ्ठा नक्षी साठवतो. तो बेरीज करत नाही की कुठला निर्णय घेत नाही. अधिक जवळचा दुवा नक्षीकाराच्या आलेख-कागदात आहे. त्याने एकेक चौकोन रंगवून काढलेली चादर म्हणजे बिंदूबिंदूंनी बनलेले चित्रच, आणि पुढे हे काम संगणकावर गेले तेव्हा पडद्यावरही तेच चौकोन आले. पुठ्ठ्यांच्या जुन्या माळा जपणाऱ्याने त्या या संग्रहाच्या शेजारी ठेवायला हरकत नाही.

शहरात वालचंद तंत्रशास्त्र महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले. पण महाविद्यालयाबाहेरच्या सामान्य माणसाची संगणकाशी गाठ पडली ती बँकेच्या काउंटरवर, नाहीतर खासगी क्लासमध्ये. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या एका खोलीला एसी लागायचा, दाराशी चपला काढायच्या आणि आत डॉस ही यंत्र चालवणारी प्रणाली आणि वर्डस्टार (लेखन), लोटस (हिशेबाचे तक्ते) व डीबेस (माहितीच्या याद्या) हे प्रोग्रॅम. तासाच्या हिशेबाने यंत्र मिळे आणि एका यंत्रावर दोघे बसत, त्यामुळे खरा अभ्यास घरी, कागदावर व्हायचा. मासिकाचे मोल इथे कळते.

‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ १९६९ पासून निघत होते; रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर ते असेच. ‘डेटाक्वेस्ट’ १९८२ चे, ‘पीसी क्वेस्ट’ १९८७ चे, ‘डिजिट’ २००१ चे. ही सारी इंग्रजी मासिके. ती मराठी किंवा तेलुगू माध्यमातल्या मुलाने शब्दकोश शेजारी ठेवून वाचायची, आणि तांत्रिक मजकूर एकदा कळला की बाकीचे इंग्रजी आपोआप पचायचे.

अंकाबरोबर सीडी येऊ लागल्या तेव्हा मासिकाचे काम बदलले. विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली ती महानगरांत; लहान शहरांना वाट पाहावी लागली. फोनवरची जोडणी आल्यावरही ३३.६ किलोबिटच्या मोडेमने ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायला, वेग कुठेही न घसरता, सुमारे ४५ तास लागले असते. मासिकाबरोबर तीच सीडी विकत मिळे. ‘पीसी क्वेस्ट’ने नव्वदच्या दशकात लिनक्स या मोफत कार्यप्रणालीच्या सीडी अशाच वाटल्या. सोलापूरच्या वाचकाला त्या काळी अंक ही बातमी होती आणि मालाची गाडीही. आज जुने अंक सापडतात ते बहुधा सीडीविना. सीडी मित्राकडे गेलेली असते.

जुना अंक चाळताना लेखांपेक्षा जाहिराती नीट वाचाव्यात, असे या नोंदीचे मत आहे. लेख सांगतो की अमुक यंत्र उत्तम आहे. जाहिरात सांगते की हार्ड डिस्क वेगळी घ्यावी लागेल, रंगीत मॉनिटरचे पैसे निराळे पडतील आणि विक्रेता मुंबई-पुण्यातच आहे. किमतीपुढे ‘कर वेगळे’ हे बारीक अक्षरात. मराठी घरात संगणक का लांबला याचे उत्तर या चौकटींत आहे. दुर्दैवाने ग्रंथालयांत वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत सर्रास होती. त्यामुळे रद्दीतला सुटा, कोपरे दुमडलेला अंक बांधीव खंडापेक्षा मोलाचा ठरू शकतो.

सोलापूरची हवा कागदाला बरी आणि यंत्रांना वाईट. कोकणात किंवा मुंबईत फ्लॉपीवर बुरशी धरते आणि गुळगुळीत पाने एकमेकांना चिकटतात. कोरड्या हवेत तो त्रास कमी. मात्र एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो आणि डिंकाने चिकटवलेल्या अंकांच्या पाठी तडकतात. वाळवी आणि कसर आहेतच. यंत्रातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने लवकर सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. ३८६-४८६ च्या मदरबोर्डवर घड्याळासाठी बसवलेली निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरून तांब्याच्या रेषा खाते. यंत्र हाती येताच, चालू करण्याआधी, ती कापून काढावी आणि हिरवट डाग व्हिनेगरने पुसून नंतर स्पिरिटने स्वच्छ करावेत. यंत्राचा वर्षानुवर्षे बंद असलेला पॉवर सप्लायचा डबा थेट प्लगला लावू नये. जाणते कारागीर आधी सिरीज बल्ब, म्हणजे विजेच्या वाटेत जोडलेला साधा दिवा, लावून पाहतात. मॉनिटरच्या नळीत बंद केल्यावरही प्राणघातक विद्युतदाब राहू शकतो, तिथे नवख्याने हात घालू नये.

पिवळी पडलेली कॅबिनेट पांढरी करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. सोलापुरात उन्हाला तोटा नाही. म्हणूनच पट्टे पडून काम बिघडते. पिवळेपणा तसाच ठेवलेला बरा. टीव्हीएस गोल्डचा खडखडाट करणारा कळफलक मात्र साफ करून आजच्या संगणकालाही जोडता येतो, आणि टंकणारे तो मुद्दाम शोधतात.

जुने यंत्र चालू ठेवण्याचे सर्वांत व्यावहारिक कारण मराठी मजकूर हे आहे. नव्वदच्या दशकातल्या डीटीपीत, म्हणजे संगणकावरच्या छपाई-जुळणीत, श्री-लिपी, आकृती यांसारखी पॅकेजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. मूळ फाँट नसेल तर लग्नपत्रिकेची फाइल आज निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग म्हणून उघडते. आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्र वेगळे होते. पीसीत बसवायच्या कार्डामुळे डॉसवरच्या प्रोग्रॅममध्येही भारतीय लिप्या दिसत. इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीत सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांना एकच सांकेतिक चौकट असल्याने देवनागरीत टंकलेला शब्द कळ बदलताच कन्नड किंवा तेलुगू लिपीत उमटे. एकाच गल्लीत या तिन्ही भाषा बोलणाऱ्या शहराच्या ते फार उपयोगाचे. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतप्रणालीतली देवनागरीची मांडणीही इस्कीवरच बेतलेली आहे. विंडोज २००० पासून युनिकोड मराठी सर्वसामान्य संगणकावर आले, तरी त्याआधीच्या छापखान्यांतल्या फ्लॉप्या रूपांतराविना पडून राहिल्या. त्या वाचायच्या तर चालू स्थितीतली फ्लॉपी ड्राइव्ह, मूळ पॅकेज आणि तो फाँट ही तिन्ही हवीत.

संग्राहकाला घाई करावी लागते ती भंगारवाल्याशी. सोन्याचा मुलामा दिलेल्या पायांच्या सिरॅमिक चिपा, म्हणजे ४८६ आणि सुरुवातीचे पेंटियम, धातू काढण्यासाठी आधी उचलल्या जातात. रिकामे डबे मागे राहतात. अंक किलोच्या भावाने जातात. स्कॅन करताना साधी पाने ३०० डीपीआयला (इंचाला इतके बिंदू) पुरतात, पुसट छपाईच्या प्रोग्रॅमांसाठी ६०० घ्यावे, आणि जाहिराती व वर्गणीचे कार्ड यांसह सर्व घ्यावे, पाकिटावरचा पत्ता तेवढा सोडावा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे हे स्कॅन स्वतःच्या अभ्यासापुरतेच ठेवता येतात. सर्वांसाठी खुले करायचे तर प्रकाशकाची परवानगी लागते.