परग्रहांचा शोध : सापडले हजारो, पोचायचं कसं?

दिवाळीच्या सुमारास रात्री आठ-नऊला खानदेशात जवळजवळ थेट डोक्यावर एक मंद तारा येतो. महाश्व तारकासमूहातला हा ५१ पेगासी. जळगाव-धुळ्याच्या दिव्यांत त्याला शोधण्यात अर्थ नाही. तोरणमाळकडच्या काळोखात तीक्ष्ण नजरेला जेमतेम दिसावा. १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या स्विस खगोलशास्त्रज्ञांना याच्याभोवती ग्रह सापडला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती मिळालेला तो पहिलाच परग्रह, म्हणजे सूर्यमालेबाहेरचा ग्रह. गुरूच्या साधारण निम्म्या वस्तुमानाचा हा गोळा अवघ्या सव्वाचार दिवसांत प्रदक्षिणा पुरी करतो, हे तेव्हा कुणाच्या पचनी पडेना. २०१९ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

त्याआधीचा इतिहास मात्र फसलेल्या दाव्यांचा. १८५५ मध्ये मद्रास वेधशाळेतून कॅप्टन जेकब यांनी ७० ऑफियुची या जोडताऱ्यापाशी ग्रह असावा असं मांडलं. विसाव्या शतकात बर्नार्डच्या ताऱ्याबाबतही तसंच झालं. दोन्ही दावे टिकले नाहीत. १९९२ मध्ये खरे ग्रह हाती लागले तेही एका स्पंदकाभोवती, म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या अवशेषाभोवती.

मायोर-केलोझ यांनी ग्रह पाहिला नव्हता. त्याच्या ओढीने डुलणारा तारा पाहिला होता. दुसरी पद्धत खानदेशाला परकी वाटू नये. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात नोंद आहे, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तिथे शिकवल्या जाणाऱ्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) ग्रहणाचं गणित आहे: एक गोल दुसऱ्याच्या आड कधी येईल, किती झाकेल, किती वेळ. केप्लर या अंतराळातल्या दुर्बिणीने २००९ पासून दूरच्या ताऱ्यांवर हेच उलट्या बाजूने केलं. प्रकाश किती घटला त्यावरून आड येणाऱ्या ग्रहाचा आकार काढला. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर प्रकाश दहा हजारांत एका भागाहूनही कमी घटतो. मुख्यतः अशा मोजमापांतून २०२५ पर्यंत खातरजमा झालेल्या परग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. ताऱ्याचं डुलणं मोजणाऱ्या माउंट अबूच्या ‘पारस’ वर्णपटमापकानेही यात भर घातली आहे.

आता ‘तठे कसं जावानं?’ हा प्रश्न. इथे प्रगती रखडलेली आहे, आणि मला तरी ती लवकर होईलसं वाटत नाही. सर्वांत जवळचा ज्ञात परग्रह २०१६ मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याभोवती मिळाला, अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. १९७७ मध्ये सुटलेलं व्हॉयेजर-१ यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जातं. त्या वेगाने एवढं अंतर कापायला साधारण ७५ हजार वर्षं लागतील. २०१६ मध्येच ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ या प्रकल्पाने काही ग्रॅम वजनाची यानं लेझरच्या झोताने प्रकाशाच्या एक-पंचमांश वेगाला नेण्याची कल्पना मांडली. प्रवास वीसेक वर्षांचा. माणूस त्यात बसणार नाही, यानाला थांबताही येणार नाही. ग्रहाजवळून भुर्रकन जाताना काढलेला फोटो इथे पोचायला आणखी सव्वाचार वर्षं.